तिला एकटीला विचारा

प्रश्न: ताई, माझं वय ६३. आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर एक जोडपं राहतं. तो तिला मारतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिला दिवस गेले तेव्हा आम्ही बायका म्हणालो, आता तरी हात आवरेल, त्याच्याच पोराचा जीव आहे तिच्या पोटात. तसं झालं नाही, उलट वाढलंच. पोटुशी बाईवर हात उचलणारा पुरुष हा अपवाद समजायचा, की हे इतर घरांतही चालतं? आणि असं का होतं?

उत्तर: तुम्ही बायकांनी जे धरलं होतं, ते बहुतेक सगळे धरून चालतात. ‘एक मूल होऊ द्या, माणसात येईल’ हा सल्ला त्यातूनच आला आणि तो देऊन देऊन किती मुलींना आपण परत त्याच दारात उभं केलं, याची मोजदाद नाही.

अपवाद म्हणावा इतका हा प्रकार दुर्मीळ नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांना याबद्दल सरळ विचारलं होतं. कुठल्या ना कुठल्या गरोदरपणात मारहाण झाल्याचं ३.१ टक्के जणींनी सांगितलं. आकडा लहान वाटतो, पण तो मोजतो फक्त शारीरिक मारहाण. आईबापावरून शिव्या, रात्री घराबाहेर काढणं, जेवणाचं ताट ओढून घेणं, दवाखान्याला पैसे न देणं, नको म्हणत असताना केलेली जबरदस्ती, यातलं काहीही त्या ३.१ मध्ये नाही. त्याच पाहणीत नवऱ्याकडून कधी तरी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांचं प्रमाण २९.३ टक्के आहे. शिवाय हिंसा सोसलेल्यांपैकी ७७ टक्के जणींनी ती कधी कुणाला सांगितली नव्हती आणि कुणाकडे मदतही मागितली नव्हती. मदत मागणाऱ्या १४ टक्के. ज्या गोष्टीबद्दल चारातल्या तीन जणी सख्ख्या बहिणीशीही बोललेल्या नाहीत, ती वही घेऊन आलेल्या अनोळखी बाईला किती जणी सांगतील, याचा विचार करूनच ३.१ हा आकडा वाचायला हवा.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्ये १० देशांतली एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. भारत त्यात नव्हता, बांगलादेश होता. गरोदरपणात मार खाल्लेल्या बायकांचं प्रमाण जपानमधल्या शहरात १ टक्का होतं, तर पेरूमधल्या एका प्रांतात २८ टक्के. अशा बायकांपैकी पाव ते निम्म्या जणींना मार बसला होता तो पोटावर, ठोसा किंवा लाथ. आणि दहातल्या नऊहून अधिक जणींना मारणारा पुरुष त्या पोटातल्या बाळाचाच बाप होता. आपल्या पोराचा विचार करून तरी हात थांबेल, हा समज इथं टिकत नाही.

का, याला एकच उत्तर नाही. तिला उलट्या होतात, कंबर धरते, पहाटेचं पाणी भरणं होत नाही, डबा उशिरा होतो. हातात ताट मिळायची सवय असलेल्याला तो माज वाटतो. रात्री ती नको म्हणते आणि ‘नको’ ऐकून घ्यायला त्याला कुणी शिकवलेलं नसतं. तिची धुण्याभांड्याची कामं सुटतात किंवा मजुरी बंद होते, घरात येणारा पैसा आटतो आणि खर्च वाढतो. आधीच्या दोन मुली असतील तर तिसऱ्या खेपेचा राग बाळ यायच्या आधीच सुरू होतो. पहिलं बाळंतपण माहेरानं करायचं हा आपला रिवाज. त्याच्या आडून दवाखाना कुठला, बारशाला सोनं किती, अशा मागण्या निघतात. आणि संशय. मूल माझंच कशावरून, हा प्रश्न विचारणारे पुरुष सुशिक्षित घरांतही असतात.

मला यामागे आणखी एक गोष्ट दिसते. दिवस गेल्यावर बाईकडे एरवी कधी नसतं इतकं चारचौघांचं लक्ष जातं. शेजारीण काय खावंसं वाटतं ते विचारते, आशाताई घरी येते, डॉक्टर तिचं वजन घेतात, माहेरून फोन वाढतात. तिच्या शरीरावर आणि तिच्या वेळेवर एका न जन्मलेल्या जीवाचा हक्क लागतो. बायको आपल्या मुठीत असणं म्हणजेच संसार, असं ज्याला वाटतं त्याला मूठ सैल झाल्यासारखी वाटते आणि तो ती आवळतो.

दारूचं नाव लगेच पुढे येईल. दारूनं मारहाण वाढते, ती जास्त जीवघेणी होते, हे खरं. पण पिऊन आलेला माणूस रस्त्यातल्या हवालदाराला मारत नाही, मुकादमाला मारत नाही. घरी येऊन कुणाला मारायचं ते त्याला नशेतही बरोबर कळतं. हेही सांगायला हवं की काही घरांत या नऊ महिन्यांत मारहाण खरोखर थांबते आणि बाळंतपणानंतर पुन्हा सुरू होते. तिथं ‘सुधारला’ असं समजून सगळे निर्धास्त होतात.

याचा शेवट कुठं होऊ शकतो, ते आपल्याच राज्यातल्या एका अभ्यासातून कळतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या बेला गणात्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९५ मध्ये पश्चिम महाराष्ट्रातल्या ४०० गावांमधल्या मातामृत्यूंचा माग काढला. अनेक मार्गांनी माहिती मिळवून १२१ मृत्यू नोंदवले. त्यांना शोधायचं होतं ते उपचारांना उशीर का होतो हे. अतिरक्तस्राव, जंतुसंसर्ग, झटके हे सगळं त्यात होतंच. पण बाळंत होण्याआधी, गरोदरपणात दगावलेल्या बायकांच्या मृत्यूचं दुसऱ्या क्रमांकाचं कारण निघालं घरातली हिंसा. हे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्तक्षयासाठी लोहाच्या गोळ्या आपण घरोघर पोचवल्या आणि ते उत्तमच झालं. या दुसऱ्या कारणासाठी तितक्या चिकाटीनं काय पोचवलं, हा प्रश्न मला अजून छळतो.

चाळीतल्या त्या मुलीसाठी तुम्ही एक गोष्ट नक्की करू शकता. तो कामावर गेला की तिच्याकडे जा, बसा, आणि ती एकटी असताना विचारा. त्याला समज द्यायला मात्र चाळीची मंडळी घेऊन जाऊ नका. तुमची पाठ वळली की त्या समजुतीचा हिशेब तिच्याकडून वसूल होतो.

प्रश्न: मी चार महिन्यांची गरोदर आहे. आमच्या गर्भसंस्काराच्या वर्गात सांगतात की आई आनंदी असली की बाळ निरोगी होतं. यात शास्त्र किती? आणि उलट, आई सतत भीतीत असेल तर बाळावर खरंच परिणाम होतो का?

उत्तर: दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे. पहिल्या अर्ध्याबद्दल माझी एक हरकत आहे. ‘आनंदी राहा’ हा सल्ला जिला रोज टोमणे आणि मार मिळतो तिला दिला, तर बाळाच्या वजनाची जबाबदारीही तिच्याच माथी बसते. आनंदी राहायचं की नाही हे तिच्या हातात नसतं, ते तिच्या घरातल्या माणसांच्या हातात असतं. संगीत ऐकावं, श्लोक म्हणावेत, त्यानं मन शांत होत असेल तर उत्तमच. पण अशा वर्गांत येणाऱ्या प्रत्येकीला घरी कुणी दुखावतं का, हे विचारायला हवं, आणि तेही नवरा शेजारच्या सतरंजीवर बसलेला नसताना.

आता शरीराचं. सगळ्यात थेट धोका पोटावरच्या आघाताचा. धक्क्यानं वार गर्भाशयाच्या भिंतीपासून वेळेआधी सुटू शकते. मग आत रक्तस्राव होतो, तो बाहेर दिसेलच असं नाही, आणि बाळाचा प्राणवायू तुटतो. म्हणून पोटावर मार बसला किंवा ढकलल्यानं ती पोटावर पडली, तर फार दुखत नाही म्हणून घरी थांबू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोट कडक लागणं, कळा येणं, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं एक जरी असलं तरी त्याच घटकेला. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही सांगावं, कारण अशा वेळी अँटी-डीचं इंजेक्शन लागू शकतं.

न दिसणारा मार्ग भीतीचा. माणूस घाबरला की रक्तात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं. वारेत एक विकर असतं, ते यातलं बरंचसं कॉर्टिसॉल बाळापर्यंत पोचण्याआधी निष्प्रभ करतं. ताण तीव्र असला आणि महिनोन् महिने टिकला की ही गाळणी अपुरी पडू शकते. त्यात बाकीचं मिळतं: झोप नाही, जेवण सगळ्यांच्या शेवटी आणि उरलंसुरलं, तपासणीच्या दिवशीच भांडण झाल्यामुळे तपासणी बुडालेली, जीव थाऱ्यावर नाही म्हणून मिश्रीच्या डबीकडे वारंवार जाणारा हात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र करून मांडलं की जोडीदाराच्या हिंसेत जगणाऱ्या बायकांना कमी वजनाचं बाळ होण्याची शक्यता १६ टक्क्यांनी जास्त असते, आणि त्यांना नैराश्य येण्याची शक्यता इतर बायकांच्या जवळजवळ दुप्पट.

नैराश्याबद्दल आपल्या शेजारी गोव्यात झालेलं काम मला फार मोलाचं वाटतं. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा यांनी तिथल्या जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या २७० गरोदर बायकांना शेवटच्या तिमाहीत गाठलं आणि बाळंतपणानंतरही त्यांच्या संपर्कात राहिले. २००२ मध्ये निष्कर्ष आले. बाळ सहा ते आठ आठवड्यांचं असताना २३ टक्के आयांना नैराश्य होतं. त्यांच्यातल्या ७८ टक्के जणींची मनःस्थिती गरोदरपणातच बिघडलेली होती, म्हणजे बाळंतपणानं सगळं सुरू झालं असं नव्हतं. अर्ध्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही त्यातून बाहेर आल्या नव्हत्या. कारणांमध्ये गरिबी होती, नवऱ्याशी बिघडलेलं नातं होतं. मारहाण आणि उपासमार यांचा परिणाम बाळ मुलगा आहे की मुलगी यानुसारही बदलत होता. जिला आधीच मार बसतो आणि वर मुलगी होते, तिच्या मनाचं काय होत असेल हे आपल्याकडच्या कुठल्याही प्रसूतिकक्षाबाहेर तासभर बसलं तरी कळेल.

त्याच अभ्यासात एक गोष्ट सहज वाचून पुढे जावं अशी आहे, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. नैराश्यातल्या आया दवाखान्यात इतर आयांपेक्षा जास्त वेळा येत होत्या. डोकं दुखतं, छातीत धडधडतं, अंगात त्राण नाही, बाळ नीट पीत नाही. त्या येत होत्या, मनाचं कुणी विचारायला हवं होतं. २००३ मध्ये याच गटानं दाखवलं की आईला बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्य असेल तर सहाव्या महिन्यात बाळाची वाढ आणि बौद्धिक विकास मागे पडण्याचा धोका वाढतो.

बंगळूरमध्ये प्रभा चंद्रा आणि सहकाऱ्यांनी गरोदर बायकांचा अभ्यास केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीदाराची हिंसा किंवा लैंगिक जबरदस्ती सोसणाऱ्यांमध्ये नैराश्य तर जास्त होतंच, शिवाय मोठ्या अपघातानंतर दिसतात तशी आघाताची लक्षणं होती. प्रसंग डोळ्यांपुढे पुन्हा उभा राहणं, आवाजानं दचकणं, झोप तुटणं. जिन्यात त्याच्या चपलांचा आवाज आला की पोटात गोळा येणारी बाई ‘हळवी’ नसते. तिचं शरीर तिला सावध करत असतं.

तुम्हाला घाबरवण्यासाठी मी हे लिहिलेलं नाही. मार थांबला, पोटभर जेवण आणि झोप मिळाली, कुणी तरी ऐकून घेणारं भेटलं की आईही सावरते आणि बाळही. आणि हा प्रश्न तुम्ही स्वतःसाठी विचारला असेल, तर पुढची उत्तरं तुमच्यासाठीही आहेत.

प्रश्न: मी ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची भली मोठी रांग असते. एखादीच्या दंडावर वळ दिसतो. विचारलं तर ‘मोरीत पाय घसरला’ म्हणते. सोबत नवरा किंवा सासू असतेच. एवढ्या गर्दीत विचारायचं कसं? आणि ती ‘हो’ म्हणाली तर पुढं मी काय करायचं?

उत्तर: सिस्टर, तुमच्या जागी बसलेल्या माणसाला जे करता येतं ते पोलिसाला, वकिलाला, कित्येकदा तिच्या आईलाही करता येत नाही. मार खाणाऱ्या बाईला पोलीस चौकीत जायला घरातून परवानगी मिळत नाही. माहेरी जायलाही मिळत नाही. पण ‘आज तपासणी आहे’ म्हटलं की सासूच पिशवी भरून देते. या नऊ महिन्यांत ती पुन्हा पुन्हा तुमच्यासमोर येऊन बसते, तेही विश्वासानं.

मुंबईत हेच ओळखून २००० मध्ये ‘सेहत’ ही संस्था आणि महानगरपालिका यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र उभं केलं. रुग्णालयातच, बाकीच्या विभागांसारखा एक विभाग, म्हणजे तिथं जाणाऱ्या बाईला घरी वेगळं कारण सांगावं लागत नाही. पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रं झाली आणि गरोदर बायकांच्या ओपीडीत बसून समुपदेशकांनी थेट काम केलं. त्या अनुभवातून पुन्हा पुन्हा एकच दिसतं: आपणहून न सांगणाऱ्या बायकाही नीट विचारलं की सांगतात.

नीट विचारणं म्हणजे आधी एकटीला विचारणं. त्यासाठी संशयितांपुरता वेगळा नियम करू नका, सगळ्यांना एकच लावा. पोट तपासताना आत फक्त ती, अशी पाटी दारावर लावा. तरीही सासू घुसत असेल तर लघवीच्या तपासणीला नेताना किंवा वजनकाट्यावर उभी असताना दोन मिनिटं मिळतात. ती परप्रांतातली असेल आणि मराठी येत नसेल तर घरच्या माणसाला दुभाषी करू नका.

सुरुवात साध्या शब्दांत करा. ‘इथं येणाऱ्या सगळ्याच बायकांना मी हे विचारते. घरी कुणी मारतं का? कुणाची भीती वाटते का? नको असताना जवळ यायला लावतात का?’ ‘अत्याचार’, ‘हिंसाचार’ हे शब्द टाळा. रोजचं आयुष्य त्या शब्दांत बसतं असं तिला वाटत नाही, ती नाही म्हणून मोकळी होईल. आज नाही म्हणाली तरी हरकत नाही. कुणी तरी विचारलं, हे तिच्या लक्षात राहतं आणि पुढच्या तपासणीला ती बोलते. उशिरा झालेली नोंदणी, बुडालेल्या तपासण्या, वारंवार झालेले गर्भपात, तिच्याऐवजी प्रत्येक उत्तर देणारा नवरा, हे दिसलं की पुन्हा विचारा.

ती हो म्हणाली तर पहिलं काम ऐकण्याचं. ‘तू काय केलंस?’, ‘थोडं समजून घे’, ‘लेकराकडे बघून दिवस काढ’ ही वाक्यं तोंडात येऊ देऊ नका. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही’ एवढं म्हणा. मग विचारा, आज घरी जायला भीती वाटते का? त्याच्याकडे हत्यार आहे का, त्यानं कधी गळा दाबलाय का, हल्ली मार वाढलाय का? गळा दाबलेली बाई जीवघेण्या धोक्यात असते, खूण दिसत नसली तरी. आणि जीव नकोसा होतो का, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का, हेही सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार तिच्या डोक्यात शिरत नाही, असला तर बाहेर येतो.

जखमा केसपेपरवर लिहा: कुठं, केवढ्या, किती जुन्या, आणि कुणी मारलं असं ती सांगते. दोन वर्षांनी ती न्यायालयात गेली तर हाच कागद तिच्या बाजूनं बोलेल. मात्र नवऱ्याच्या हातात जाणाऱ्या कार्डावर यातलं अक्षरही नको. पोलिसांत कळवण्याजोगी दुखापत असेल तर तिला आधी सांगा, तिच्या पाठीमागे काही करू नका. कौटुंबिक हिंसाचार कायद्याप्रमाणे मागणी केल्यावर तिला उपचार देणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. तिला १८१ हा नंबर पाठ करायला सांगा, चिठ्ठीवर लिहून देऊ नका. जिल्ह्याचं सखी केंद्र कुठं आहे, संरक्षण अधिकारी कोण, पोलिसांच्या आवारातला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष कुठं, हे तुम्हीच एकदा जाऊन बघून या. हा विशेष कक्ष टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू केला, आता तो राज्यभर आहे. तिथं बसणारी व्यक्ती ओळखीची झाली की तुम्ही ‘तिकडे जा’ म्हणणार नाही, ‘अमुक बाईंना भेट, मी सांगून ठेवते’ म्हणाल. या दोन वाक्यांत किती फरक आहे हे तुम्हाला मी सांगायला नको.

तिच्या नवऱ्याला बोलावून समजावण्याचा मोह आवरा.

प्रश्न: माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे, आठवा महिना चालू आहे. आल्यापासून रात्री दचकून उठते, जेवत नाही, तासन् तास भिंतीकडे तोंड करून पडते. आईला एवढंच म्हणाली की ते मारतात. मानसोपचार तज्ज्ञाकडे न्यावं तर उद्या ‘वेडी आहे’ म्हणून बाळ काढून घेतील अशी भीती वाटते. आणि बाळंतपणानंतर तिला नांदायला पाठवायचं की नाही?

उत्तर: तज्ज्ञाकडे न्या, आणि याच आठवड्यात न्या. तुम्ही वर्णन केलं आहे ते नैराश्य आणि भीती यांचं मिश्रण असू शकतं, आणि त्यावर उपाय आहेत. समुपदेशनानं बरंच सावरतं. औषध लागलंच तर सर्ट्रालिनसारखी औषधं गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही डॉक्टर आपल्या देखरेखीखाली देतात. गोळीनं मारहाण थांबत नाही, हे खरं. पण झोप आणि विचार ताळ्यावर आले की पुढचे निर्णय ती स्वतः घेऊ शकते. तोवर मध्यरात्रीही मराठीतून बोलता येईल असा टेलिमानस हा सरकारी नंबर आहे, १४४१६. जीव द्यावासा वाटतो असं ती म्हणाली, किंवा बाळंतपणानंतर तीन-चार रात्री झोप नाही, असंबद्ध बोलते, बाळाबद्दल विचित्र शंका घेते असं दिसलं, तर सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात न्या.

शिक्क्याची भीती खोटी नाही. ‘हिच्या डोक्यावर परिणाम झालाय’ हे मारणाऱ्या घरांतलं नेहमीचं हत्यार आहे. पण घटस्फोटाच्या कायद्यात मानसिक आजार हे कारण धरायचं तर तो इतका गंभीर असावा लागतो की त्या माणसासोबत राहण्याची अपेक्षाच करता येऊ नये. उपचार घेतलेलं नैराश्य त्यात बसत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे, आणि आई रुग्णालयात दाखल असली तरी तीन वर्षांखालचं मूल तिच्यापासून सहसा वेगळं करू नये, असंही त्यातच लिहिलं आहे. कागदांची दुसरी बाजूही लक्षात घ्या: मारहाणीमुळे ही अवस्था झाली हे डॉक्टरांनी आज लिहिलं, तर तो तिच्या बाजूचा पुरावा होतो.

पाठवायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं नाही. तिला विचारा, आणि विचारताना तुमच्या घराचं दार किती उघडं आहे ते आधी स्पष्ट सांगा. ‘हे घर तुझं आहे, बाळाचंही आहे, किती दिवस हा प्रश्न नाही’ हे वाक्य वडिलांच्या तोंडून ऐकायला मुली आयुष्यभर थांबलेल्या असतात. तुमचं उत्तर ऐकल्याशिवाय ती खरं बोलणार नाही, कारण परत जावंच लागणार असेल तर सांगून उपयोग काय, असं तिला वाटतं. आपल्याकडे सव्वा महिना झाला की सासरहून निरोप येतो, फार तर तिसऱ्या महिन्यात पोचवायची. गोव्याच्या अभ्यासात नैराश्य मोजलं ते याच सुमाराला, सहा ते आठ आठवड्यांनी. तिच्या मनाची सर्वात नाजूक वेळ आणि आपली पाठवणीची वेळ एकच आहे. रिवाज पुढे ढकलता येतो.

कायद्याचं बळ घ्यायचं ठरलं तर कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण हा २००५ चा कायदा आहे, २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू झाला. त्यात मारहाणीबरोबर लैंगिक जबरदस्ती, शिवीगाळ, मानसिक छळ आणि पैशाची कोंडी हेही येतं. अर्ज करायला तिला सासरच्या गावी जावं लागत नाही. ती आत्ता, तात्पुरती का होईना, जिथं राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज चालतो. संरक्षण अधिकारी तो भरायला मदत करतो. मारहाण करू नये असा आदेश, खर्चाची रक्कम, बाळाचा तात्पुरता ताबा हे सगळं मागता येतं, आणि निकड असेल तर त्याचं म्हणणं ऐकण्याआधीही अंतरिम आदेश मिळू शकतो. तो आदेश मोडणं हा गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी राहत्या घरात राहण्याचा तिचा हक्क त्यानं संपत नाही. नवरा आणि सासरच्या छळाबद्दलचं जुनं ४९८-अ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या कलमांत आलं आहे, आणि ती तक्रारही माहेरच्या गावी करता येते. वकिलाच्या फीची काळजी करू नका. उत्पन्न कितीही असो, बाईला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

यातलं काय करायचं, आधी काय, नंतर काय, तेही तिलाच ठरवू द्या. तिच्या आयुष्यातला प्रत्येक निर्णय आजवर दुसऱ्यानं घेतला आहे.

प्रश्न: मला आणखी मूल नको आहे. नवरा साधनं वापरू देत नाही, गोळ्या सापडल्या तर मारतो. आता पाळी चुकली आहे. गर्भपातासाठी त्याची सही लागते का?

उत्तर: नाही. तुमचं वय १८ पूर्ण असेल तर १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात फक्त तुमची संमती लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही ठरावीक परिस्थितींत, दोन डॉक्टरांच्या मतानं, २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो; आणि सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सांगितलं की या कायद्यापुरती नवऱ्यानं केलेली जबरदस्तीही त्या परिस्थितींत धरावी. तुमचं नाव उघड करायला डॉक्टरांना मनाई आहे. एखाद्या दवाखान्यानं ‘मिस्टरांना घेऊन या’ म्हटलं तर तो त्यांचा नियम आहे, कायदा नव्हे. सरकारी रुग्णालयात जा. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून घरी एकट्यानं घेऊ नका. दिवस मोजा आणि उशीर करू नका, जितके कमी आठवडे तितकं सोपं.

उलटही लक्षात ठेवा. तुम्हाला मूल हवं असेल आणि कुणी मारून किंवा औषध घालून गर्भ पाडला, तर तो न्याय संहितेच्या ८९ व्या कलमाखालचा गुन्हा आहे, त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

यापुढे दिवस राहू नयेत म्हणून तिथंच ‘अंतरा’ इंजेक्शनबद्दल विचारा. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं, तीन महिन्यांतून एकदा दंडात घ्यायचं असतं, घरात लपवायला काही उरत नाही. पाळी अनियमित होऊ शकते, ते आधी समजून घ्या. आणि डॉक्टर किंवा सिस्टर एकट्या असतील तेव्हा, गोळ्या सापडल्या की काय होतं, तेही त्यांना सांगा.